खरी प्रत कोणती?

(यावल येथे तालुक्यातील संगणक चालक, शिक्षक व ग्रंथालय सेवक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक सुरू होताना मध्येच अडला, आणि त्याचा मूळ विभाग, म्हणजे ज्याला 'रूट' म्हणतात तो, सॉफ्टवेअर रेड पद्धतीने दोन डिस्कवर ठेवलेला असला, तर काय करावे, असा आजचा विषय आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, हे आरंभीच सांगतो. मी कला शाखेचा पदवीधर. बातम्या लिहिणे, आकडे मिळवणे आणि छायाचित्रांखाली ओळी लिहिणे हा माझा व्यवसाय. परंतु असा अडलेला संगणक मी एकदा फार जवळून पाहिला. त्या दिवशी काय घडता घडता राहिले तेही पाहिले. त्यानंतर एक जुने यंत्र घरी आणून, त्याला दोन डिस्क जोडून, वायरी काढून-घालून तोच प्रसंग मी मुद्दाम पुनःपुन्हा घडवून आणला. त्या अनुभवातले सांगण्याजोगे आहे तेवढे सांगतो.

प्रसंग काही वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातला. सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाशी वादळी वारे येतात आणि घड लागलेली केळी एका रात्रीत आडवी होते, हे यावल-रावेरच्या माणसाला सांगायला नको. तशाच एका वादळानंतर नुकसानीच्या पंचनाम्यांच्या नोंदी एका कार्यालयात संगणकावर चढवण्याचे काम चालू होते. कोणते कार्यालय, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. मी बातमीसाठी बाधित क्षेत्राचा आकडा घ्यायला तेथे गेलो होतो. आदल्या रात्री पुन्हा पाऊस झाला, खिडकीतून पाणी आत येऊ लागले, म्हणून पहारेकऱ्याने यंत्र एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर नेले. वीजही तीन-चार वेळा येऊन गेली. सकाळी बटण दाबले, पण यंत्र नेहमीच्या पडद्यापर्यंत आलेच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मूळ विभाग सापडत नाही' अशा अर्थाची एक ओळ, आणि तिच्याखाली कंसात 'इनिटरॅमएफएस' हा शब्द व पुढे लुकलुकणारी खूण. बाहेर ओट्यावर आठ-दहा शेतकरी आपल्या नोंदी झाल्या की नाही हे विचारायला येऊन बसलेले.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. एकजण म्हणाला, डिस्क गेली, प्रणाली नव्याने घाला आणि कामाला लागा. दुसऱ्याने भ्रमणध्वनीवर शोधून एक आज्ञा काढली होती. तिच्यात 'क्रिएट' असा शब्द होता, आणि ती दिली की दोन डिस्कची जोडी नव्याने बांधली जाते, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्याचा सल्ला सर्वांत शहाणपणाचा वाटत होता: पडद्यावर एक डिस्क तर दिसते आहे, तिलाच जबरीने चालू करा. हे तीनही सल्ले घातक होते. आणि मला विचाराल तर तिसरा सर्वांत अधिक घातक, कारण तो यशस्वी झाला असता.

ते का, हे समजण्यासाठी मागची थोडी हकीकत पाहावी लागेल.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा लहान स्वस्त डिस्कांचा समूह करावा आणि एखादी बिघडली तरी काम अडू नये अशी त्यांची मांडणी करावी, हा त्याचा आशय. त्या समूहाला त्यांनी 'रेड' हे नाव दिले. त्यातील एका अक्षराचा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे विक्रेत्यांना तो शब्द गैरसोयीचा वाटला असावा, कारण आज त्या अक्षराचा अर्थ सर्रास 'स्वतंत्र' असा सांगतात. या मांडणीचे अनेक प्रकार आहेत. आपल्या उपयोगाचा प्रकार म्हणजे 'रेड एक': दोन डिस्क, दोहोंवर तंतोतंत तोच मजकूर. एकीवर लिहिले की त्याच वेळी दुसरीवर लिहायचे.

पूर्वी यासाठी वेगळे महाग कार्ड लागे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. (त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला.) पुढे त्या कर्नलमध्येच डिस्कांची जोडी सांभाळणारा भाग घालण्यात आला. कार्ड नको, केवळ आज्ञावली पुरे. म्हणून हे सॉफ्टवेअर रेड. ती जोडी बांधण्याचे, तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे जे साधन आज सर्वत्र वापरतात त्याचे नाव 'एमडी-ॲडम'. ते ऑस्ट्रेलियातील नील ब्राउन यांनी लिहिले. लहान कार्यालयाला परवडणारी ही सोय आहे, आणि ती चांगली आहे. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. तिच्यावरही हेच साधन चालते.

आता अडचण कोठे येते ते पाहा. बटण दाबल्यावर यंत्रातील मूळ आज्ञावली डिस्कच्या आरंभी असलेल्या 'ग्रब' नावाच्या छोट्या कार्यक्रमाला हाक मारते. ग्रब कर्नलला स्मृतीत आणून उभा करतो. कर्नलने मग मूळ विभाग उघडायचा. पण मूळ विभाग तर दोन डिस्कच्या जोडीत आहे. जोडी जुळवायची तर एमडी-ॲडम हवे. आणि एमडी-ॲडम आहे मूळ विभागात! कोठाराची किल्ली कोठारात ठेवून कुलूप लावावे तसा हा प्रकार झाला. त्यावर उपाय म्हणून कर्नलच्या हाती एक लहानशी शिदोरी देतात. तिच्यात डिस्क ओळखणारे भाग, एमडी-ॲडम आणि जोड्यांची यादी बांधलेली असते. या शिदोरीचे नाव 'इनिटरॅमएफएस'. तिच्यातील साधनांनी जोडी जुळली की मूळ विभाग उघडतो आणि शिदोरी बाजूला पडते. जुळली नाही, तर यंत्र शिदोरीतच थांबते आणि समोरच्या माणसाला विचारते, आता काय करू?

त्या सकाळी पडद्यावर लुकलुकत होता तो हा प्रश्न होता. बिघाडाची ती घोषणा नव्हती. पण ओट्यावर माणसे बसलेली असताना हा फरक कोणाच्या ध्यानात येणार?

भुसावळहून एक तरुण तंत्रज्ञ बोलावला होता तो अकराच्या सुमारास आला. तीनही सल्ले त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "दोन्ही डिस्क कोणत्या दिवसापर्यंत जिवंत होत्या, हे कळेपर्यंत कोणीही काही लिहायचे नाही." मग त्याने फक्त वाचणाऱ्या आज्ञा दिल्या. पहिली आज्ञा 'कॅट', म्हणजे फाईल दाखव. आणि फाईल 'प्रॉक' निर्देशिकेतील 'एमडीस्टॅट'. कर्नलला त्या क्षणी ज्या जोड्या माहीत आहेत त्यांची स्थिती या फाईलमध्ये दिसते. जोडी धड असेल तर ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात दोनदा 'यू' हे अक्षर येते. एक डिस्क गळाली असेल तर एका 'यू'च्या जागी आडवी रेघ. येथे दोन्ही नव्हते. जोडी 'इनॲक्टिव्ह', म्हणजे निष्क्रिय, आणि तिच्यात एकच डिस्क, पुढे कंसात 'एस' हे अक्षर. एस म्हणजे स्पेअर, फालतू डिस्क, असे वाटून एकजण घाबरला. तंत्रज्ञाने समजावले की निष्क्रिय जोडीतील प्रत्येक डिस्कपुढे तसे अक्षर येते. त्याचा अर्थ एवढाच की ती अद्याप कामावर रुजू झालेली नाही.

दुसरी आज्ञा एमडी-ॲडमची, 'एक्झॅमिन' या शब्दासह. जोडीतील प्रत्येक डिस्कवर एका ठरावीक जागी तिची नोंद असते: जोडीची ओळखखूण, शेवटचे लेखन केव्हा झाले तो दिनांक, आणि 'इव्हेंट्स' नावाचा एक क्रमांक. जोडीच्या स्थितीत बदल झाला की हा क्रमांक वाढत जातो. मी सात-बाराचा उल्लेख केला तर तुम्हाला हे चटकन कळेल. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. एकाच गटाचे दोन उतारे समोर आले आणि त्यांत मेळ नसला, तर कोणता अद्ययावत, हे तुम्ही कागदाच्या शुभ्रतेवरून ठरवत नाही. कोणत्या उताऱ्यावर नंतरचा फेरफार क्रमांक चढला आहे ते पाहता. इव्हेंट्सचा आकडा म्हणजे डिस्कचा फेरफार क्रमांक. दिनांकापेक्षा तो अधिक विश्वासार्ह, कारण यंत्रातील घड्याळाचा सेल संपला असेल तर दिनांक खोटे पडतात.

त्या दिसणाऱ्या डिस्कवरील शेवटच्या लेखनाचा दिनांक निघाला फेब्रुवारीतला.

खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. वादळ जूनमधले, पंचनामे जूनमधले, आणि ही प्रत फेब्रुवारीतली. म्हणजे ही डिस्क फेब्रुवारीतच जोडीतून गळाली होती. यंत्र त्यानंतर साडेतीन महिने दुसऱ्या, एकट्या डिस्कवर चालत होते, आणि कोणाला पत्ता नव्हता. एमडी-ॲडमने अशा वेळी पत्र पाठवायचे असते, तसे ते पाठवलेही होते. पण ते यंत्राच्या आतल्याच 'रूट' या नावाच्या टपालपेटीत, जी उघडण्याचे कोणाला माहीत नव्हते.

आणखी एक गोष्ट तंत्रज्ञाने बोट ठेवून दाखवली. प्रत्येक डिस्कवर तिच्या समजुतीप्रमाणे जोडीची स्थितीही लिहिलेली असते. या फेब्रुवारीच्या डिस्कवर 'दोघेही हजर' असे लिहिलेले होते. एक डिस्क गळते तेव्हा उरलेलीवर 'जोडीदार गेला' अशी नोंद होते, पण गळालेलीवर कोण लिहिणार? ती आपल्या जुन्याच समजुतीत राहते. म्हणूनच सकाळी यंत्र अडले. शिदोरीतील एमडी-ॲडमला एकच डिस्क दिसली. ती म्हणत होती की आम्ही दोघे आहोत. दुसरा तर कोठे दिसत नाही. खात्री नाही म्हटल्यावर जोडी सुरू न करता ते थांबले. काही प्रणाल्या थोडा वेळ वाट पाहून एका डिस्कवर आपणच सुरू होतात; ही थांबली, आणि तिच्या थांबण्याने साडेतीन महिन्यांच्या नोंदी वाचल्या.

तिसरा सल्ला मानला असता, म्हणजे 'रन' हा शब्द घालून त्या डिस्कला जबरीने चालू केले असते, तर काय झाले असते? यंत्र झकास सुरू झाले असते. फेब्रुवारीपर्यंतचे सर्व काही जागच्या जागी दिसले असते. जूनच्या नोंदी मात्र गायब. वादळात वीज गेली म्हणून नोंदी पुसल्या गेल्या असे समजून पुन्हा टंकलेखन सुरू झाले असते. मग केव्हा तरी दुसरी डिस्क सापडली असती, आणि कोणी तरी सद्भावनेने ती 'ॲड' या आज्ञेने जोडीत घातली असती. जोडीत नव्याने आलेल्या डिस्कवर चालू डिस्कचा मजकूर संपूर्ण उतरवला जातो. म्हणजे फेब्रुवारीच्या प्रतीने जूनची प्रत पुसली असती, तीही कसलीच चूक न दाखवता. 'क्रिएट'ची गोष्ट त्याहून सरळ: नवी जोडी बांधताना पहिल्या डिस्कचा मजकूर दुसरीवर उतरतो, आणि पहिली कोणती हे आज्ञा देणारा ठरवतो. मोडलेली जोडी जुळवण्यासाठी 'असेंबल' ही आज्ञा आहे. 'क्रिएट' ही नव्या, रिकाम्या डिस्कसाठी. हा एक भेद जरी आज येथून नेलात तरी माझे येणे सार्थकी लागले.

मग दुसरी डिस्क गेली कोठे? ती कोठेच गेली नव्हती. टेबल बदलताना तिच्या विजेची जोडणी सैल झाली होती.

तंत्रज्ञाने यंत्र बंद केले, जुनी डिस्क बाहेर काढून तिच्यावर 'फेब्रुवारी' अशी चिठ्ठी चिकटवली, सैल जोडणी घट्ट बसवली. तो डिस्क ओळखत होता तिच्यावर छापलेल्या अनुक्रमांकावरून. पडद्यावरील 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवर विसंबू नका. ती हजेरीच्या क्रमाने मिळतात. एक डिस्क दिसेनाशी झाली की कालची एसडीबी आज एसडीए होते. पुढे त्याने पेन ड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू केले, उरलेल्या डिस्कची जोडी 'रीडओन्ली', म्हणजे केवळ वाचण्यासाठी, जुळवली आणि नोंदींचे फोल्डर उघडले. पंचनामे होते. काल संध्याकाळची शेवटची नोंदही होती. ते सर्व प्रथम एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, आणि मगच चहा आला.

दुरुस्ती येथे संपत नाही. त्या डिस्कवरून यंत्र सुरू करू लागल्यावर दुसराच अडथळा आला: सुरू करण्याजोगी डिस्क नाही, असा संदेश. कारण ग्रब बसवलेला होता फक्त पहिल्या डिस्कवर. फेब्रुवारीपासून यंत्र सुरू होत होते ते त्या पहिल्या डिस्कवरील ग्रबच्या बळावर. ती जोडीतून गळाली होती, पूर्णपणे मेलेली नव्हती. रेड करणारे शंभर लोक हा दोष ठेवून देतात, कारण प्रणाली बसवताना दोन डिस्कवर ग्रब घालावा लागतो हे त्यांच्या गावी नसते. मजकुराच्या दोन प्रती, आणि दाराची चावी एकच! तंत्रज्ञाने पेन ड्राइव्हवरून मूळ विभाग जोडला, 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' या तीन निर्देशिका त्यात आणून बसवल्या, 'सीएचरूट' या आज्ञेने आत प्रवेश केला आणि 'ग्रब-इन्स्टॉल' केले. दुपारी नवी डिस्क आली. तिचे विभाग पहिलीसारखे पाडले, 'ॲड' केली. एमडीस्टॅटमध्ये टक्केवारी हळूहळू चढू लागली आणि दुसरीकडे नोंदींचे काम सुरू झाले. जोडी भरत असतानाही काम करता येते, फक्त यंत्र मंदावते. नव्या डिस्कवरही ग्रब बसवला, हे सांगायला नकोच.

नव्या यंत्रांत, ज्यांत यूईएफआय ही सुरुवातीची व्यवस्था असते, ग्रब एका वेगळ्या छोट्या विभागात राहतो. तो विभाग सहसा जोडीच्या बाहेर असतो. तेथे प्रत्येक डिस्कवर असा विभाग स्वतंत्रपणे करून त्यात ग्रबची प्रत ठेवणे आणि यंत्राच्या यादीत दोन्हींची नोंद करणे, हे काम आपले आपण करावे लागते.

घरच्या जुन्या यंत्रावर मी जे प्रयोग केले त्यात मला सर्वाधिक वेळा भेटलेला अडथळा मात्र वेगळाच होता. दोन्ही डिस्क धड, जोडीही जुळलेली, आणि तरी मूळ विभाग सापडत नाही! एमडीस्टॅट पाहावी तर जोडीचे नाव 'एमडी शून्य' असायला हवे ते 'एमडी एकशे सत्तावीस' झालेले. झाले असे होते की शिदोरीतील जोड्यांची यादी जुनी होती. ओळखीची नसलेली जोडी दिसली की एमडी-ॲडम तिला १२७ पासून खाली असे क्रमांक देते. आणि कर्नलला तर सांगितलेले असते की मूळ विभाग एमडी शून्यवर आहे. घराचा क्रमांक बदलला आणि टपालवाला जुन्या दारावर थाप मारत राहिला. लुकलुकत्या खुणेपाशी चुकीच्या नावाची जोडी 'स्टॉप' करावी, योग्य नावाने 'असेंबल' करावी आणि 'एक्झिट' म्हणावे. यंत्र पुढे चालू लागते. पण तो त्या दिवसापुरता उपाय. यंत्र सुरू झाल्यावर एमडी-ॲडमला 'डीटेल' व 'स्कॅन' हे दोन शब्द देऊन खरी यादी मिळवावी, ती 'एमडीॲडम डॉट कॉन्फ' या फाईलमध्ये जुन्या ओळींच्या जागी ठेवावी आणि शिदोरी नव्याने बांधावी. डेबियन आणि तिच्या कुळातल्या प्रणालींवर ती 'अपडेट-इनिटरॅमएफएस' या आज्ञेने बांधतात. फेडोरा आणि रेड हॅट यांच्या कुळात 'ड्रॅकट'ने. फाईल बदलली आणि शिदोरी बांधायची राहिली, तर बदल कोठारात राहतो आणि कर्नल जुनीच यादी घेऊन निघतो. मी स्वतः दोनदा विसरलो आहे. मूळ विभागाचा पत्ता जोडीच्या क्रमांकाऐवजी 'यूयूआयडी' या कायमच्या ओळखखुणेने दिला तर ही पंचाईत बरीचशी टळते.

कर्नल अद्ययावत केल्यानंतर लगेच यंत्र अडले, तर संशय शिदोरीवरच घ्यावा. ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. त्याची जुनी शिदोरी सहसा शाबूत असते. 'बूट' हा विभाग लहान ठेवलेला असेल तर तो जुन्या कर्नलांनी भरून जातो आणि नवी शिदोरी अर्धवट बांधली जाते, हेही एक साधे कारण आहे.

जुनी यंत्रे वारशाने मिळालेल्यांसाठी एक सूचना. जोडीची नोंद डिस्कवर कोठे लिहायची याच्या अनेक पद्धती आहेत. जुन्या ०.९० आणि १.० या पद्धतींत ती विभागाच्या शेवटी असते. आज रूढ असलेल्या १.२ मध्ये आरंभाजवळ. शेवटी नोंद असलेली डिस्क एकटी पाहिली तर साध्या डिस्कसारखीच दिसते. जुन्या ग्रबला ते सोयीचे होते. पण याच कारणाने पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या यंत्रात कोणी ती थेट उघडून तिच्यावर लिहिले, की दोन प्रतींत फरक पडतो आणि जोडीला त्याचा सुगावा लागत नाही. उघडायचीच तर केवळ वाचण्यासाठी.

डिस्कमधून खडखड आवाज येत असेल, वाचताना चुका दाखवत असेल, तर कोणताही प्रयोग तिच्यावर करू नये. 'डीडीरेस्क्यू' नावाचे साधन आहे. त्याने तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि सारे प्रयोग नकलेवर करावेत. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बंद खोलीतल्या यंत्राची काय अवस्था होत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

राहता राहिली ती पत्राची गोष्ट. जोडी मोडल्याचे पत्र ज्या टपालपेटीत जाते ती माणसाच्या रोजच्या वापरातली असावी; एमडीॲडम डॉट कॉन्फमध्ये 'मेलॲडर' या शब्दापुढे तो पत्ता लिहायचा असतो, आणि 'मॉनिटर' आज्ञेला 'टेस्ट' हा शब्द जोडून पत्र खरोखर पोहोचते का ते पाहता येते. डेबियनच्या पद्धतीत महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर दोन्ही प्रती ताडून पाहण्याचे काम आपोआप ठेवलेले असते. पण आपली कार्यालये शनिवारी-रविवारी बंद, यंत्रेही बंद. मग ती तपासणी कोण करणार? त्यापेक्षा सोमवारी सकाळी हजेरीपटावर सही करण्यापूर्वी एमडीस्टॅट पाहावी आणि दोन 'यू' दिसले की वहीत तशी नोंद करावी. त्या कार्यालयात आता अशी वही आहे. ती मी पाहिली आहे.

दोन डिस्क असल्या की संरक्षक प्रतीची गरज नाही, असा समज मला अनेक ठिकाणी आढळला. आपण एखादी फाईल चुकून पुसली तर ती त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. जोडी तत्पर असते, पण ती आपल्या चुकाही तितक्याच तत्परतेने उतरवून घेते. म्हणून वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत ठेवलेली प्रत हवीच. त्या सकाळी त्या कार्यालयाजवळ अशी प्रत होती, पण ती डिसेंबरातली.

फेब्रुवारीची चिठ्ठी लावलेली डिस्क त्यांनी पावसाळाभर कपाटात ठेवली. सर्व नोंदी ताडून झाल्यावर तिच्यावरील जोडीची नोंद 'झीरो-सुपरब्लॉक' या आज्ञेने पुसली, म्हणजे पुढे कोणी ती नकळत यंत्राला लावली तरी ती आपण जोडीतली आहोत असा दावा करणार नाही.

समोर टेबलावर जे यंत्र ठेवले आहे ते माझ्या घरचे जुने. त्यात दोन डिस्क आहेत आणि पडद्यावर आता दोन 'यू' दिसत आहेत. मागच्या बाकावरच्या मंडळींनी पुढे यावे. मी यंत्र बंद करून त्याचे झाकण काढतो. दोनपैकी कोणती वायर ओढायची, ते तुमच्यापैकी कोणीतरी मला न सांगता ठरवावे आणि ओढावी. मग ते सुरू करून पाहू.